लॉट एकशे बाराची द्राक्षं

लेमिन्स्टरच्या लिलावघरात जुन्या सामानावरची नक्षी ओळखायचं काम तीस वर्षं एडविन ग्विलियमकडे होतं. त्याची पद्धत ठरलेली: डोळे मिटायचे आणि नक्षीवरून बोटं फिरवायची. पॉलिश डोळ्यांना फसवतं, बोटांना नाही, असं तो येईल त्याला ऐकवायचा. या खेपेला मात्र गोदामात थंडी मरणाची होती आणि हातमोजे काढायचा त्याला कंटाळा आला. जेवणघरातलं ते कपाट लांबूनच बघून त्याने यादीत लिहून टाकलं: व्हिक्टोरियन साइडबोर्ड, ओकचा, दारांवर द्राक्षवेल.

लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला लोक आले, त्यांत सत्तरी ओलांडलेली एडिथ प्रीस होती.

"द्राक्षं म्हणे!" यादी नाचवत ती म्हणाली. "अहो ग्विलियम, डोळे आहेत की बटणं?"

एडविनने हातमोजे काढले. दीडशे वर्षांचं मेण खाचांत बसून सगळं गुळगुळीत झालं होतं, पण बोटांना खालचं कळलं. प्रत्येक द्राक्षाला टोक होतं आणि त्यावर पाकळीवर पाकळी चढलेली होती. हे हॉप्सचे झुपके होते, बिअरला कडवटपणा आणणाऱ्या वेलाचे. तो वेल भोवतालच्या हेरफर्डशर परगण्यात शेताशेतांत होता. लाकडावर मात्र तो एकानेच कोरला, ब्रॉमयार्डच्या सायलस बफ्टनने. बाकीचे सुतार नमुन्यांच्या वहीतून द्राक्षं उतरवायचे. बफ्टन खिडकीबाहेर दिसेल ते कोरायचा, आणि त्याच्या कामासाठी लंडनचे व्यापारी आता जीव टाकत.

"माझे पणजोबा ते," एडिथ आवाज उतरवून म्हणाली. "मी सहा वर्षांची असताना घर विकलं, त्यात हेही गेलं. माझ्याकडे सहाशे पौंड आहेत. द्राक्षं असली तर मला मिळेल, हॉप्स असले तर नाही. चूक तुमची आहे ना? मग निस्तरायची घाई करू नका."

यादीत चूक सापडली तर बोली लावण्याआधी ती सर्वांसमोर जाहीर करायची, हा लिलावघराचा नेम. एडविनने तो कधी मोडला नव्हता. पण साइडबोर्डचा मालक कॅनडातला कुणी पुतण्या होता, ज्याने ती वस्तू उभ्या जन्मात पाहिली नव्हती. एडविनने यादी तशीच राहू दिली. त्याला लाज वाटली, आणि झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी लिलाव पुकारायचा हातोडा जाइल्सकडे होता. जाइल्स तरुण आणि बोलघेवडा. माल खपेना की विनोद करायचा. लॉट एकशे बारा, म्हणजे तो साइडबोर्ड, पुकारला तशी एडिथने आपल्या नंबराची पाटी वर केली. चारशे वीस. पुढे कुणीच बोली वाढवेना.

"काय हो मंडळी, कुणीच नाही?" जाइल्स म्हणाला. "काम जरा ओबडधोबड आहे, मान्य. बिचाऱ्याने आयुष्यात द्राक्ष पाहिलेलं दिसत नाही. बटाटे बघून कोरलीत बहुतेक!"

सगळी खोली हसली. जाइल्सने हातोडा उचलला. "चारशे वीस, एकदा... दोनदा..."

"नाहीच पाहिलं त्याने द्राक्ष!" एडिथ उभी राहिली होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "कुठून पाहणार? हॉप्स आहेत ते, मेल्यांनो! सायलस बफ्टनने कोरलेत. पिंपंच्या पिंपं बिअर ढोसता आणि तिचा वेल ओळखता येत नाही?"

हसू जागच्या जागी थांबलं. जाइल्सने एडविनकडे पाहिलं. आता खोटं बोलणं काही त्याला जमणार नव्हतं. त्याने होकारार्थी मान डोलावली.

"सुधारणा," जाइल्स घसा खाकरून म्हणाला. "दारांवर हॉप्स. कारागीर सायलस बफ्टन."

मागच्या रांगेतल्या दोन व्यापाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. अर्ध्या मिनिटात बोली सहाशेच्या पार गेली. एडिथ खाली बसली. तिची पाटी मांडीवरच राहिली. हातोडा पडला तो अडतीसशेवर.

एडविनने तिला बाहेर गाठलं. ती हातमोज्याची बोटं एकेक करून सरळ करत होती. त्याला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती.

"मी तोंड शिवून बसलो होतो, मिसेस प्रीस. अजून दोन क्षण, फक्त दोन क्षण थांबला असतात तर तुमचंच होतं ते."

"कळत का नाही मला?"

"मग?"

"ते हसले ना त्याला," एडिथ म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तेवढं गिळून घरी आणलं असतं, ग्विलियम, तर रोज त्याच्यासमोर जेवायला कुठल्या तोंडाने बसले असते मी?"