मिन्नाची चाल

न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर ब्रॅनिगनच्या गाणी छापणाऱ्या कंपनीत मी पियानो वाजवायचे. नवं गाणं छापून आलं, की येणाऱ्या गायक-नटांना ते वाजवून दाखवायचं, हे माझं काम. शेजारच्या खोलीत एमिल राउटेनबर्ग चाली बांधायचा. सहा वर्षांत त्याचं एकही गाणं कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं.

१९०८च्या हिवाळ्यात त्याची चार वर्षांची मिन्ना घटसर्पाने गेली. तिला निजवताना तो एक चाल गुणगुणायचा. त्या चालीला शब्द नव्हतेच. मार्चमध्ये एका दुपारी तो तीच वाजवत बसला होता, तेवढ्यात ब्रॅनिगन दारात उभा राहिला.

"ही कुठे लपवली होतीस रे? दे इकडे. फक्त लय वाढव. एवढ्या संथ चालीवर लोक झोपी जातील."

"झोपण्यासाठीच होती ती, साहेब."

"मग माझ्या पियानोवर कशाला? घरी वाजव!" ब्रॅनिगन हसला. "हे बघ, वरच्या पानावर तुझं नाव, ठळक अक्षरांत. परत विचारणार नाही हं."

मला वाटलं, एमिल उठून जाईल. त्याने लय वाढवली.

ब्रॅनिगनने दुसऱ्याकडून शब्द लिहून घेतले: झिंगलेला नवरा घर चुकतो आणि शेजारणीचं दार बडवतो. जूनपर्यंत ते गाणं नाटकघरांत, बोटींवर, न्हाव्याच्या दुकानात, जिकडेतिकडे झालं.

एमिलने घरी काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोने, ओटिलीने, ते खाटकाकडे ऐकलं. खाटीक सॉसेज बांधता बांधता गात होता. ती तशीच, हातातल्या टोपलीसकट, आमच्याकडे आली.

"तू दिलीस ती?"

"अगं, बघ तरी. नाव छापलंय माझं."

"दिसतंय. पोरीला गुत्त्यात नेऊन नाचवलंस, आणि वर आपलं नाव लावलंस!"

त्याच आठवड्यात ती मिलवॉकीला बहिणीकडे निघून गेली ती कायमची.

पुढे एमिलने तीसेक गाणी केली. ब्रॅनिगनचं एकच पालुपद, "छान आहे रे, पण त्या दारुड्यासारखं काहीतरी आण ना!" शेवटी एमिल नाकाला लाल रंग फासून गावोगावच्या नाटकघरांत तेच एक गाणं म्हणत फिरू लागला.

सोळा साली तो मला भेटायला आला. केस गेले होते.

"डेलिया, मूळची कशी होती ती, तुला आठवतं? मला येतच नाही गं. पट्टीवर हात ठेवला की तो दारुडाच येतो."

मी दोनदा वाजवून पाहिलं. माझ्याही बोटांतून दारुडाच आला.

"ओटिलीला लिही," मी म्हणाले.

त्याने लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं, ते त्याने मला वाचायला दिलं. "मला आठवते. रोज म्हणते. तुला सांगणार नाही."

"बरोबर आहे तिचं," एमिल म्हणाला, आणि कोट चढवून दुपारच्या खेळाला गेला.