म्हातारे मासे आहेत का?

ग्लेनिसने आता हात टेकले होते. वडिलांना तिने हौसेने काचेची टाकी आणून दिली, पाण्याचा फिल्टर दिला, तळाला घालायला खडे दिले, आणि त्या टाकीत आज काय होतं, तर एक सोललेली कोळंबी. मासा एकही नाही. कोळंबी मस्तपैकी कुजत होती आणि बैठकीच्या खोलीत पाहुण्याला बसवायची सोय राहिली नव्हती.

"बाबा, उंदीर मेल्यासारखा वास येतोय घरात!"

"येणारच," आल्फ पेटिग्रू खुर्चीतून न हलता म्हणाला. "मासे पाण्यात घाण करणार. ती घाण खाणारे जंतू आधी टाकीत रुजायला नकोत? म्हणून त्यांना कोळंबीचा खुराक. कुरण उगवायच्या आधी मेंढरं सोडतं का कुणी?"

"तिथे मेंढरं नाहीत, दोन मासे यायचेत!"

"जनावर ते जनावर."

या उत्तरावर बोलण्यात अर्थ नव्हता. आल्फने जन्मभर मेंढरंच पाळली होती. हॉर्शम गावापासून तासाभराच्या अंतरावर त्याचं शेत. गेल्या वर्षी लोकर कातरायच्या शेडमध्ये तो पडला, खुबा मोडला, आणि शेजाऱ्याला दिसेपर्यंत तसाच पडून राहिला. मग जमीन त्या शेजाऱ्याला चालवायला दिली, पण राहतं घर काही दिलं नाही. "वसंत आला की जातो मी माझ्या घरी," हे पालुपद लेकीच्या घरी आल्यापासून चालू होतं. आता अंगणातलं वॉटलचं झाड वसंताच्या पिवळ्याधमक फुलांनी लगडलं होतं आणि ते बाबांना दिसू नये म्हणून ग्लेनिस पडदा ओढून ठेवत होती. तिकडे एकटा पुन्हा पडला, तर हाक ऐकायला कोण होतं? त्याची कुत्रीसुद्धा मेली होती आणि दुसरी त्याने आणली नव्हती. म्हणून तर हा माशांचा खटाटोप. दावणीला जनावर असलं की आपला बाप जागा सोडत नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

पण जनावर येईल तर ना! आधी म्हणे टाकी खिडकीपाशी नको, ऊन लागून शेवाळ धरेल. मग म्हणे स्टँड एका अंगाला कलतोय. ग्लेनिस घामाघूम होऊन ओढतेय, आणि हा उंटावरून शेळ्या हाकतोय. "जरा डावीकडे. अगं, तुझं नाही, माझं डावं!" नंतर रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, उजेडात धरायचं आणि मान हलवायची. हिरवा रंग आला, म्हणजे पाण्यात अजून विष आहे. पिवळा येईल तेव्हा मासे. ग्लेनिसला स्वप्नातसुद्धा हिरवंच दिसायला लागलं होतं.

शेवटी एका सकाळी तो म्हणाला, "पिवळा." त्याचं मन बदलायच्या आत तिने गाडीची किल्ली उचलली.

दुकानात टीगन नावाची पोरगी होती, नाकात रिंग घातलेली. आल्फ काठी टेकत एकेका टाकीत वाकून बघत गेला. गोल्डफिशपाशी थांबला.

"यात म्हातारे कुठले?"

"म्हातारे?" टीगन म्हणाली.

"वयस्कर. तीन-चार वर्षं उरलेले. बाजारात आम्ही म्हाताऱ्या मेंढ्या घ्यायचो, तसे."

"आजोबा, आमच्याकडे पिल्लंच येतात. आणि नीट सांभाळली ना, तर पंधरा-वीस वर्षंसुद्धा जगतात!" तिला वाटलं, म्हातारा खूश होईल.

"मी चौऱ्याऐंशीचा आहे," आल्फ म्हणाला. तो दाराकडे वळला. "चल ग्लेन. नाही जमायचं. माझ्यामागे कुणाच्या गळ्यात पडेल असं जनावर मी घेत नसतो. कुत्रीपण म्हणूनच नाही आणली."

म्हणजे ती कोळंबी, त्या नळ्या, तो हिरवा-पिवळा, सगळं नमनाला घडाभर तेल! ग्लेनिसचं डोकं सणकलं.

"कुणाच्या गळ्यात? माझ्याच ना?" ती ओरडलीच. "थंडीत आईवेगळी कोकरं आणून चुलीपाशी टाकायचात, तेव्हा शाळेच्या आधी त्यांना बाटली कोण पाजायचं? विचारलंत कधी मला? तुमचे मोजे धुते, तुमची सडकी कोळंबी सोसली, आणि दोन मासे मला जड होणार? तुमच्यामागे माझ्याकडे काही म्हणजे काही उरू नये, अशी तजवीज करताय होय? मला हवंय काहीतरी उरायला!"

भर दुकानात रडू आलं म्हणून तिला आणखीच संताप आला. टीगन पाठ फिरवून कोरडीच जाळी पुसत बसली.

आल्फ दारापासून मागे वळला. मग परत टाकीपाशी आला आणि काठीने काचेवर खूण केली.

"तो मागचा दे. दुसऱ्यांना ढकलून खातोय तो. आणि ती पांढऱ्या शेपटीची. दोनच. टाकीला जास्त सोसायचे नाहीत."

टीगनने पाण्याच्या पिशवीत दोन पिल्लं सोडली, तोंड बांधलं आणि पिशवी त्याच्यापुढे धरली. "घ्या आजोबा, तुमचे मासे."

"माझे नाहीत. हिचे आहेत. मी नुसता राखण्या."

ग्लेनिसने नाक पुसलं. "आणि घरी जायचं म्हणत होतात ते?"

"एवढीएवढीशी पिल्लं टाकून?" तो खेकसला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? धर ती पिशवी, आणि हलवू नकोस."