जोडीतला खालचा

मित्रांनो, मी एक जुना पॉवरलाइन अडॅप्टर आहे. नाव ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका. दिसायला मी मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ. सध्या मुक्काम भूगावात, कोंडाजी आबांच्या घरी, शिलाई मशीनच्या खणात.

एका खोक्यातून आम्ही दोघे जुळे भाऊ आलो. एकाने इंटरनेटच्या मोडेमजवळ सॉकेटमध्ये बसायचं, दुसऱ्याने लांबच्या खोलीत. भिंतीत विजेची वायर असतेच, तिच्यातूनच आम्ही इंटरनेट पलीकडे पोचवायचो. नवी वायर नको, तोडफोड नको. पण दोघेही हवेत, एकट्याचं काही चालत नाही.

आम्हाला आणलं २००९ साली, क्षितिजासाठी. ती लातूरची, हिंजवडीत नोकरीला, आबांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. तिची स्कूटर घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. जिना उतरणं बंद. ऑफिस म्हणालं, घरून काम करून दाखव, जमलं तर ठीक. इंटरनेट मात्र खाली, आबांच्या फोनला जोडलेलं. त्यांचा मुलगा कैलास वायर वर न्यायला ड्रिल घेऊन आला, तर आबा खेकसले, "नव्या घराच्या भितीला भोक? आजाबात न्हाई!" मग कैलासने शहरात हिंडून आम्हाला शोधून आणलं. मी खाली मोडेमजवळ बसलो, भाऊ वर क्षितिजाच्या खोलीत.

काय दिवस होते ते! वर क्षितिजा काम करायची, खाली आबांच्या पत्नी सगुणाबाई तिच्यासाठी भाकरी थापायच्या. शेजारीपाजारी मला बघायला यायचे. "लायटीच्या वायरीतनं नेट? लई भारी हाय की!" मी तर अगदी फुगून गेलो होतो.

राग यायचा तो एकाच गोष्टीचा. आभाळ जरा गुरगुरलं, की सगुणाबाई पदर खोचून धावत यायच्या आणि मला सॉकेटमधून उपटायच्या. वरून क्षितिजा ओरडायची, "मावशी, नेट गेलं!"

"जाऊ दे. आभाळ निवळू दे, मंग लावती."

दसरा झाला आणि परतीच्या पावसाने एका दुपारी अंधारून आलं. नेमकी तेव्हाच क्षितिजा नेटवरून साहेबांना आपलं काम दाखवत होती. ते पसंत पडलं तरच तिला इथून काम करता येणार होतं, नाहीतर नोकरी सोडून लातूर. ढग गडगडले. सगुणाबाईंचा हात माझ्या बटणावर आला.

"पोरी, काढू का गं?"

"नको मावशी! थोडंच राहिलंय, पाया पडते!"

त्या थांबल्या. डोळे मिटून, बटणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"झालं मावशी! साहेब खूश!"

त्यांनी मला झटकन उपटलं आणि वरचाही काढायला जिना चढू लागल्या, कारण भाऊ टेबलामागे होता आणि क्षितिजाला उठता येत नव्हतं. तेवढ्यात जवळच वीज कोसळली. क्षितिजाला काही झालं नाही, देवाची कृपा. माझा भाऊ मात्र जळून काळा पडला. मित्रांनो, मला रडता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

नवी जोडी लवकर मिळेना, आणि नेटशिवाय वर काम बंद. क्षितिजाने वडिलांना फोन केला, "बाबा, मला न्यायला या." सगुणाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेवटी आबा उठले.

"कैल्या, आण तुजं ड्रिल. पाड भोक."

"आबा, भित खराब हुईल."

"भित बुजवता येती रं. पोर गेली मंजी?"

भोक पडलं, वायर वर गेली, क्षितिजा राहिली. प्लास्टर निघाल्यावर ती स्वतःच्या पायांनी जिना उतरून सगुणाबाईंच्या पंगतीला बसली. त्या दिवशी मलाही खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

कैलास मला भंगारात टाकणार होता. सगुणाबाईंनी मला पुसून खणात ठेवलं. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. आभाळ गडगडलं की आळस करू नका, प्लग काढा. खालचा काढाल तसा वरचाही काढा. एकट्याने वाचण्यात काही गोडी नाही.