शुद्धीवर

“पिंपळाच्या मुळाखालीच बसते गा मोठी मरळ, पिंपळाच्या मुळाखाली!”

शेजारच्या भोजराजचा तो आवाज फकिराच्या कानातून कधी गेलाच नव्हता. त्याच्या ऑपरेशननंतर दुखणं थांबवायला नशेची सुई टोचली आणि मासे धरणाऱ्या ढिवरानं सख्ख्या भावालाही सांगू नये ती जागा भोजराजनं भरल्या वॉर्डात गाऊन दाखवली. दुसऱ्या दिवशी अख्खा मोहल्ला जाळी घेऊन तलावावर.

आता त्याच दवाखान्यात फकिरा होता. तलावाच्या पाळीवरून घसरून मांडीचं हाड मोडलं, काल त्यात सळई बसली. आज उभं राहायचं होतं.

“बाबा, दुखतं का?” भूल देणाऱ्या डॉक्टर दीपमालांनी विचारलं.

“काही नाही जी.”

पण चादर मुठीत चुरगाळली होती. पाय खाली सोडायला गेला, तसा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

“खोटं बोलून राहिले मॅडम,” बायको शकुन म्हणाली. “हाताले काटा आरपार गेला तरी हेच सांगतेत.” आणि ती तांब्या घेऊन पाण्याला गेली.

“असेच पडून राहिलात, तर छातीत कफ धरेल. मग डोंग्यात बसणं विसरा,” डॉक्टर म्हणाल्या.

फकिरानं दाराकडे पाहिलं. “ते नशेचं औषध नोको. मानूस बकते त्याच्यानं. हिच्यापासून एक गोष्ट लपवली हाये म्या.”

डॉक्टरांनी हसू गिळलं. “सगळा भार त्या एका औषधावर टाकायचाच नाही. नसेजवळ सुई देऊन मांडी बधिर करू. साधी गोळी वेळेवर, वरून बर्फ. नशेचं लागलंच, तर नावापुरतं.”

“म्हंजे जाळं ओढल्यावानी,” फकिरा सावकाश म्हणाला. “चौघं लागले तं कोनाचीच कंबर जात नाही.” मग त्यानं कबूल केलं, “दुखते जी. लय दुखते.”

दुपारी वॉकर धरून तो खिडकीपर्यंत जाऊन आला. दुखणं होतं, पण पल्याडच्या बांधावरून कोणी हाक मारावी एवढंच. डोकं लख्ख.

शकुननं माशाच्या रश्शाचा डबा उघडला. ढिवराच्या घरी माशाचं मुंडकं घरधन्याचं. “मले वास येते,” म्हणून फकिरा मात्र लग्नापासून ते तिच्याच ताटात सारायचा. आजही तिनं ते सवयीनं स्वतःच्या झाकणात घेतलं, आणि तो बघतच राहिला.

“काय पाहून राहिले जी?”

“मी शुद्धीवर हावो ना? पाहून घे बरं.”

तिनं कपाळाला हात लावला. “हाव. काहून?”

“मुंडकं मले बी लय आवडते वो.”