हलवलेला सांधा

बाबांच्या खुर्चीचा डावा हात तिने दोनदा चिकटवला आणि दोन्ही वेळा तो पुन्हा डगडगू लागला. बाबा गेल्यापासून आईला त्याच खुर्चीत बसायचं असायचं, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी उठताना ती सगळा भार त्या हातावर टाकायची. शेवटी खुर्ची उचलून लेक मिस्त्रीकाकांकडे गेली. काका आणि बाबा जन्मभर एकाच कारखान्यात शेजारी शेजारी रंधा मारत आले होते.

काकांनी सांध्यावर नख ओढलं. ''शिकंज्यात किती वेळ ठेवलीस?''

''दिवसभर.''

''आणि मध्ये हात लावलास?''

''धरलंय का ते बघत होते फक्त. तीन-चारदा.''

''झालं! अगं, सरस लाकडात मुरत असतो. तेवढ्यात हलवलंस की जुळलेलं आतल्या आत तुटतं. वरून सुकलेला दिसेल, पण जोर काही येत नाही.'' काका हसले. ''खोड जुनीच आहे तुझी. पहिल्यांदाही तूच हलवला होतास.''

''मी?''

''चार वर्षांची होतीस. तुझ्या बाबाने खुर्ची नुकतीच जोडलेली, सरस ओला, आणि तू हातावर चढून घोडा-घोडा. मी म्हटलं, उतरव तिला. तर म्हणतो कसा, 'राहू दे रे, रमलीये.'''

एवढ्या नावाजलेल्या सुताराची स्वतःचीच खुर्ची कुरकुरते, म्हणून तिने बाबांना किती चिडवलं होतं! ते नुसते हसायचे.

''मग पुन्हा का नाही चिकटवला?''

''तू सासरी गेलीस तेव्हा मीच म्हटलं होतं, आण, करून देतो. नको म्हणाला. घरात तेवढाच तिचा आवाज उरलाय, म्हणे.''

काकांनी सांधा खरवडायला पटाशी उचलली.

''काका, थांबा. एकदाच.'' तिने डाव्या हातावर तळवा ठेवून दाबलं. कुर्र. बाबा उठताना यायचा तोच आवाज. काका उगाचच खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधत राहिले.

मग जुना सरस तिनेच खरवडला. मधाच्या रंगाचे कण मांडीवर पडले, ते तिने झटकले नाहीत. काकांनी नवा सरस लावला, शिकंजा आवळला.

''जा आता. उद्या ये.''

''बसते जरा. हात नाही लावणार.''

आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ती खुर्चीसमोर बसून राहिली.