भूमातेच्या जटा

यशवंतपूरच्या नव्या गोदामात त्या दिवशी स्टेशनवरचे हमालसुद्धा काम टाकून आले होते. एकसष्ट सालच्या एप्रिलात भर दुपारी ओतलेल्या फरशीला संध्याकाळपर्यंत एकही भेग पडली नव्हती, आणि एवढ्यावर लोक काँक्रीटपुढे हात जोडत होते. मधोमध जयतीर्थस्वामी डोळे मिटून उभे.

पुण्याहून सरकारी नोकरीवर आलेल्या विद्याधर इंजिनियरला हे बघवेना. फरशीचे आधी ओतलेले तीन चौकोन दोन-दोन तासांत तडकले, तेव्हा स्वामींनी निदान केलं होतं की ओल्या काँक्रीटवर विधवेची सावली पडते. घमेली वाहणाऱ्यांत भाग्यलक्ष्मी विधवा. कंत्राटदार नागोजीरावांनी तिला तत्काळ घरी बसवलं. मग स्वामींनी भूमातेच्या जटा म्हणून हळदकुंकू माखलेलं एक पोतं दिलं. भूमाता मोकळ्या केसांनी बसली की तडकते, जटा बांधल्या की निवते, असं काहीबाही ते पुटपुटले. जटा मिसळून चौथा चौकोन ओतला, आणि तो टिकला.

"तुमची पुस्तकं सरी, साहेब," नागोजीराव म्हणाले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, 'बरोबर'ला ते कानडी 'सरी'च म्हणत. "पण स्वल्प सांगा, भेग थांबली की नाही?"

थांबली होती. विद्याधरने पाणी कमी करून पाहिलं, सिमेंट बदलून पाहिलं, काही उपयोग झाला नव्हता. आता एका भोंदूपुढे तोंड बंद ठेवावं लागतंय, याने त्याचा जीव जळत होता.

दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मी फाटकाशी आली. घरात दोन लेकरं, आणि विधवेमुळे फरशी तडकते ही बातमी फुटल्यावर तिला दुसरीकडेही कुणी उभं करेना. वैतागलेल्या विद्याधरने तिला जटांचा झुपका दाखवला. तिने तो पाण्यात चोळला, रंग गेला. नारळाचा काथ्या आहे, ती म्हणाली. गावाकडे भिंतीच्या चिखलात आम्ही गवत घालतो, नाहीतर उन्हात भिंत फाटते.

विद्याधरने कपाळावर हात मारून घेतला. पंधरा दिवस तो पुस्तकं चाळत होता, आणि घमेलं वाहणाऱ्या बाईला एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी सगळ्यांसमोर त्याने दोन चौकोन ओतवले. पहिल्यात बाजारातला साधा काथ्या, आणि तो कालवायला खुद्द भाग्यलक्ष्मी. दुसऱ्यात काथ्या नाही, फक्त स्वामींचे मंत्र. तिला त्या बाजूला फिरकूही दिलं नाही. तीन वाजता मंत्राचा चौकोन तडकला. पहिला जसाच्या तसा. स्वामी स्नानाला म्हणून गेले ते परत आले नाहीत. पूर्वी ते चुन्यात काथ्या कालवून काम करणारे गवंडी होते, हे मागाहून कळलं.

"ऊन आणि वारा वरचं पाणी झपाट्याने ओढून घेतात," विद्याधर म्हणाला. "कच्चं काँक्रीट आकसतं आणि फाटतं. काथ्याचे धागे त्याला धरून ठेवतात. सावलीने तर ऊन अडलंच असतं."

नागोजीराव मान हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, "सरी. पण कोपऱ्यात एक लिंबू ठेवलं तर काय बिघडतं?"

विद्याधरचा संयम सुटला. "काय बिघडतं ते हिच्या लेकरांना विचारा. फरशी तडकली तर पुन्हा ओतता येते, नागोजीराव. एखाद्या बाईवर दोष ठेवण्याआधी एकदा तपासून तरी बघत जा."

भाग्यलक्ष्मीने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि नागोजीरावांच्या समोरूनच घमेलं उचललं.