दक्षिणेकडं तोंड

आमच्या शाळेत नववीपासून सौरऊर्जा शिकवतात. यंदा प्रत्येकानं घरी पॅनल बसवून रोजची वीज मोजायची होती. मी आमच्या पत्र्याच्या कडेला पॅनल लावलं, सरांनी सांगितल्यासारखं बराबर दक्षिणेकडं तोंड करून. शाळेतून आले तर आईनं ते पूर्वेला फिरवलेलं! मी परत वळवलं, तिनं परत फिरवलं. वर्गात सगळ्यात कमी वीज माझीच.

"दक्षिणेकडंच जास्त ऊन मिळतं, आई!" मी खेकसले. "यमाबिमाचं काही न्हाई त्यात."

आई भाकर थापून राह्यली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या आबाला शेवटचं अंगणात निजवल्तं, तवा पाय तिकडं केल्ते. आता घरातलं काहीच मी तिकडं तोंड करून ठेवू देणार न्हाई."

वडलांचं नाव निघालं, मंग मी पॅनल पूर्वेलाच राहू दिलं.

रविवारी मी वडीगोद्रीहून बिजागऱ्या आणल्या. आता पॅनल सकाळी पूर्वेला कलतं, दुपारी आभाळाकडं बघतं, संध्याकाळी पश्चिमेला. मी शाळेत असते, म्हणून आईच ते फिरवते. आठवड्यात माझी वीज वर्गात सगळ्यात जास्त भरली.

"मोटार बसवली का गं?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर, आई हाय."

त्या दिवशी त्या विजेवरचा दिवा मी घरात टांगायला निघाले, तर आईनं हात धरला आन् अंगणात बोट दाखवलं. आबाला निजवल्तं, बराबर तिथं.